सहा स्क्रीनचे भाऊ

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. या वाड्यांतून हल्ली माणसांची एक नवी जात फोफावली आहे. मुंबईतली नोकरी संपलेली, फंडाचे पैसे हातात आलेले, मुलगा पुण्याला, मुलगी परदेशात आणि वडिलार्जित घरात फायबरचं कनेक्शन. हा माणूस गावी आराम करायला येतो आणि वर्षाच्या आत शेअर बाजारात ऑप्शन खेळायला लागतो. प्रत्येक गावात त्याला कोणी ना कोणी भाऊ म्हणतंच, म्हणून आपणही भाऊच म्हणू.

भाऊ ओळखायला सोपे. सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत ते ओटीवर दिसत नाहीत. लग्नाला येतात ते मुहूर्त शनिवार-रविवारचा असेल तरच. निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी गुरुवारी होती तोवर ते चौलच्या दत्ताचा गुरुवार कडक पाळायचे. 2025 च्या सप्टेंबरात एक्सपायरी मंगळवारी गेली, तेव्हा भाऊंनी दत्ताची माफी मागून गणपतीचा मंगळवार धरला. देवाचा वार बदलला, खात्याची दशा मात्र तीच राहिली.

पण भाऊंचा खरा जीव बाजारात नाही. बाजार बघण्याच्या सामानात आहे. लॅपटॉपवर पहिला मोठा फटका बसला तेव्हा त्यांनी निदान केलं, "ऑप्शन चेन समोर होती, चार्ट मागे झाकलेला. दिसलंच नाही, तर विकणार कसं?" दुसरा मॉनिटर आला. पुढचा फटका कच्च्या तेलाच्या भावाने दिला, म्हणून त्याच्यासाठी तिसरा. असं करत भिंतीवर सहा झाले. भाऊंचे मोठे तोटे किती, हे विचारावं लागत नाही. वहिनी भिंतीकडे बोट दाखवतात.

खरेदीला भाऊ स्वतः लॅमिंग्टन रोडला गेले. मांडव्याहून बोट, गेटवेहून टॅक्सी. दुकानातल्या पोराला त्यांनी इतके प्रश्न विचारले की तो कंटाळून म्हणाला, "अलिबागसे आया है क्या?" या वाक्यावर बंदी घाला म्हणून 2019 साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती, न्यायालयाने ती फेटाळली, एवढं मनाला लावून घेऊ नका असं सांगितलं. भाऊंनी मनाला लावून घेतलंच नाही. म्हणाले, "हो, अलिबागहूनच आलोय आणि बोटीनेच परत जायचंय. खोक्यांना दोनदा प्लास्टिक गुंडाळ, खारं पाणी उडतं."

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर या विषयात भाऊंचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. पुतण्याने त्यांना गेमिंगचं महागडं आरटीएक्स कार्ड सुचवलं होतं. भाऊंनी त्याला पडवीत बसवून शिकवणीच घेतली.

"हे बघ, चार्टावरची कँडल हलून हलून किती हलणार? ती काय उड्या मारत गोळीबार करत्येय? गेमिंगचं कार्ड दोन-अडीचशे वॅट खातं. त्याचा पंखा घोंघावतो, खोली तापते आणि लाइट गेली की इन्व्हर्टर मान टाकतो. आपल्याला ताकद नको, पोर्ट हवेत. चार मिनी डिस्प्लेपोर्टवालं साधं कामाचं कार्ड घ्यायचं. पन्नास वॅटच्या आत भागतं, वेगळी पॉवरची वायरसुद्धा जोडावी लागत नाही. चार स्क्रीन त्यावर, उरलेले दोन मदरबोर्डावर."

"पण कार्ड लावलं की मदरबोर्डाचे पोर्ट बंद पडतात ना, काका?"

"बायोसमध्ये जाऊन चालू ठेवायचे. आणि प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी एफ आहे का बघायचं. इंटेलच्या एफवाल्यात ग्राफिक्स नसतं. हजार-दोन हजार स्वस्त मिळतो म्हणून लोक उचलतात आणि मग मदरबोर्डाच्या पोर्टात केबल खुपसून काळ्या स्क्रीनकडे बघत बसतात."

केबलवर तर ते कीर्तन करू शकतात. कार्डाला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तर साधी केबल चालते. उलट असेल तर ती चालत नाही, वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. मॉनिटरचा आकार? हातभर अंतरावर बसायचं तर फुल एचडीला चोवीस इंच बस्स. सत्तावीस इंची फुल एचडीवर आकडे फुटल्यासारखे दिसतात, तिथे पुढचं रिझोल्यूशन घ्यावं. पॅनेल आयपीएस, म्हणजे बाजूने बघितलं तरी लाल ते लाल आणि हिरवं ते हिरवं. काच चकचकीत नको; नाहीतर मागच्या खिडकीतली माडाची झावळी चार्टात हलते आणि ट्रेंड बदलला असं वाटतं. त्रेचाळीस इंची एक फोर-के मॉनिटर म्हणजे फुल एचडीचे चार स्क्रीन, मध्ये पट्ट्या नाहीत आणि केबल एकच. हे भाऊ सगळ्यांना सांगतात. स्वतः मात्र घेत नाहीत. "एक मोठा घेतला तर मोजायला काय उरणार?" असं वहिनी म्हणतात.

मॉनिटर टांगायचा दिवस सगळ्या आळीने पाहिला. घर जुनं, भिंत चिऱ्याची आणि मातीत बांधलेली. ड्रिल लावलं की भुसा गळायचा, प्लास्टिकचा गुल्ला घातला तसा बाहेर यायचा. शेवटी सुताराला बोलावलं. मॉनिटरच्या पाठीवरची चार भोकं शंभर मिलिमीटरच्या चौकोनात असतात, हे भाऊंनी त्याला कागदावर काढून दाखवलं. सुताराने कानावरची पेन्सिल काढली, पट्टी लावली आणि म्हणाला, "म्हणजे चार इंचाला अर्धा सूत कमी." वाडीतला पडलेला फणस चिरून त्याने असा दणकट घोडा ठोकला की त्याच्यावर सहाच्या जागी बारा मॉनिटर बसले असते. भाऊंच्या डोळ्यांत ती शक्यता चमकून गेली. वहिनींनी सुताराला लगेच चहा देऊन वाटेला लावलं.

आता भिंतीवर वर तीन, खाली तीन. पहिल्यावर निफ्टी, दुसऱ्यावर बँक निफ्टी, तिसऱ्यावर ऑप्शन चेन, चौथ्यावर तेल आणि डॉलर, पाचव्यावर आवाज बंद केलेलं बिझनेस चॅनेल. सहाव्यावर काय लावायचं ते ठरेना, म्हणून तिथे वाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं. गेल्या हंगामात शहाळी उतरवून नेणारा माणूस त्याच स्क्रीनवर सापडला. सहांपैकी पैसे वाचवले ते तेवढ्या एकाने.

वरची रांग बघून बघून भाऊंची मान धरली. डॉक्टरांनी पट्टा दिला, तेव्हापासून वरच्या तीन स्क्रीनकडे ते डोळे फिरवून बघतात. खाऱ्या हवेचा त्रास निराळाच. पावसाळ्यात मशीन चालू होत नाही. मग भाऊ कॅबिनेट उघडून रॅम बाहेर काढतात, तिचे सोनेरी पाय शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने पुसतात, फुंकर न मारता ब्रशने झटकतात आणि परत बसवतात. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते नफ्यातला सौदा कापतानाही दिसत नाही. अर्थात तुलनेला तसे सौदे फार नाहीत.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. पोफळी मोडल्या, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. भाऊंच्या तेव्हा तीन असलेल्या स्क्रीनवर वहिनींनी चादर घातली. वाडीचं नुकसान झालं ते झालंच, पण बाजारातल्या खात्यात मात्र त्या काळात एक रुपयाचा तोटा नाही. अशी नोंद भाऊंच्या हिशेबाच्या वहीत तेवढीच आहे. वहिनींनी ते पान दुमडून ठेवलंय.

सेबीने 2024 च्या सप्टेंबरात आकडे जाहीर केले: तीन आर्थिक वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी 93 टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. बातमी भाऊंच्या पाचव्या स्क्रीनवर आली. भाऊंनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "यातले किती जण एका स्क्रीनवर काम करत होते, ते नाही दिलेलं."

तशी आलेखाकडे बघत बसायची परंपरा अलिबागला जुनी आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं ते काम 1904 साली अलिबागला हलवलं. तिथे आजही पृथ्वीच्या चुंबकत्वाचे बारीक चढउतार टिपले जातात. पण त्या लोकांनी गडबड टाळायला समुद्र ओलांडला. भाऊंनी समुद्र ओलांडून सहा केबलींनी गडबड घरी आणली. शिवाय पृथ्वी उद्या कुठे झुकेल यावर तिथे कोणी पैसे लावत नाही.

पुतण्या आता जरा खवचट झालाय. ग्राफिक्स कार्डांच्या चिप बनवणारी एनव्हिडिया ही कंपनी 2024 च्या जूनमध्ये बाजारमूल्यात जगात पहिली झाली, तेव्हा त्याने विचारलं, "काका, कार्डाऐवजी कंपनीच घेतली असती तर?" भाऊंनी पट्ट्यासकट सगळं अंग त्याच्याकडे वळवलं. म्हणाले, "कंपनीला चार मिनी डिस्प्लेपोर्ट असतात का?"

एक मात्र खरं. तलाठ्याचा कॉम्प्युटर, शाळेचा प्रोजेक्टर, डॉक्टरांचा एक्स-रे बघायचा मॉनिटर, सगळ्यांची खरेदी भाऊंच्या सल्ल्याने झाली आणि एकालाही पश्चात्ताप झाला नाही. सल्ल्याचे ते पैसे घेत नाहीत, दिवाळीला चकल्यांचा डबा चालतो. तेव्हा रेवदंड्याकडे कधी आलात आणि मॉनिटर किंवा ग्राफिक्स कार्ड घ्यायचं मनात असेल, तर साडेतीननंतर भाऊंकडे जा आणि ते सांगतील ते डोळे मिटून घ्या. शेअर घ्यायचा असेल, तर वहिनींना विचारा.