घोडी पुढं, नाव बैलांचं

आंबेगाव-जुन्नरच्या घाटात बैलगाडा शर्यतीची बारी सुटते तेव्हा सगळ्यांचे डोळे बैलांवर असतात. चार बैल, हलका लाकडी गाडा, गाड्यात कोणी बसलेलं नाही, समोर चढण. निवेदकाचं ‘भिर्रर्र’ संपेपर्यंत सगळा कारभार आटोपलेला असतो. चांगली बारी बारा सेकंदांच्या आसपास बसते आणि घाटाचा राजा कोण, हे सेकंदाच्या बारीकशा तुकड्यावर ठरतं. या धुरळ्याच्या पुढं एक घोडी पळत असते. बैलांनी तिच्या मागं लागून वेग घ्यावा, एवढ्यासाठी ती असते. तिच्यावर जेमतेम पन्नास किलोचं एक पोरगं बसलेलं असतं. भोंग्यावर बैलाचं नाव पुकारलं जातं, गाडामालकाचं पुकारलं जातं, मालकाच्या कैलासवासी वडिलांचंही पुकारलं जातं. पोराचं नाव वेळ उरला तर.

पारगावच्या आसपास असं पोरगं प्रत्येक आळीत एक तरी सापडतं. कॉलेज मंचरला, घर उसात आणि जीव दुसऱ्याच्या घोडीत. स्वतःची घोडी त्याच्याकडे नसते. तो धरतो ती गाडामालकाची घोडी. तिला खरारा करतो, तिची लीद काढतो, तिला पाण्यावर नेतो. या सगळ्याच्या बदल्यात बारीला तिच्यावर बसायला मिळतं आणि या सौद्यात आपण मालकाला लुटलं, असं त्याला मनापासून वाटतं.

त्याची ही विद्या सुरू होते मेंढपाळांच्या तट्टांवर. सुगी झाली की रानात मेंढरं बसवायला वाडे येतात. त्यांचा सगळा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो. कोंबड्या, कोकरं आणि भांडी उतरवून झाली की रिकाम्या तट्टावर टांग मारायला हा हजर. खोगीर नाही, रिकीब नाही, लगामाच्या जागी दोरी. पहिल्याच दिवशी तो बांधावरून कांद्याच्या वाफ्यात पडतो. वडिलांनी त्या दिवशी पंचनामा केला तो वाफ्याचा.

पुढं ज्ञान वाढत जातं. कुमैत, सब्जा, नुकरा, अबलख हे रंग तो झोपेतही सांगतो. चार पाय आणि कपाळ पांढरं असलेलं पंचकल्याणी, गळ्याखालचा शुभ भोवरा म्हणजे देवमन, दातांवरून वय, कानांवरून राग हे सगळं त्याला तोंडपाठ. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा तो दरवर्षी मोबाइलवर करतो आणि मनातल्या मनात दोन-तीन घोडे परतही करतो. आवर्तसारणीचं विचारलं, तर मात्र घोडं तिथंच पेंड खातं.

आईवडिलांचा विरोध असता, तर त्याचं निभावलं असतं. विरोधाला तोंड देता येतं, रुसता येतं, मामाला मध्यस्थ घालता येतो. इथं विरोधच नाही. वडील शांतपणे विचारतात, “दूध देती का?”

“नाही, तात्या.”

“नांगराला चालती?”

“नाही.”

“मग बस की दुसऱ्याच्या. आपण कुठं नको म्हणतोय?”

हिशेब म्हणाल तर वडिलांचाच बरोबर. घोड्याला रोज अंगाच्या वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा लागतो. पाणी वीस-तीस लिटर. दीड-दोन महिन्यांनी नालबंद बोलवायचा. शिवाय घोड्याला ओकारी होत नाही. भलतंसलतं खाल्लं की पोटशूळ उठतो आणि रात्री-अपरात्री डॉक्टरला उठवावं लागतं. एवढ्या खर्चात घरात दोन गाई उभ्या राहतात आणि त्या डेअरीतून दर दहा दिवसांनी बिल आणतात. वर बिबट्या आहे. जुन्नर-आंबेगावच्या उसात त्याची बाळंतपणं होतात. गोठ्यातलं वासरू सांभाळता सांभाळता रात्र सरते, त्यात घोडी बांधली म्हणजे पाहुण्याला ताट वाढून ठेवल्यासारखंच.

आईचं म्हणणं त्याहून सोपं. देव्हाऱ्यातल्या टाकावर खंडोबा घोड्यावरच बसलेला आहे. ती रोज त्याला भंडारा वाहते. त्या घोड्याला वैरण लागत नाही आणि त्याच्यावरून कोणाचं पोरगं पडत नाही. “घोड्यावर बसायचंच आहे ना? लग्नात बस,” एवढं बोलून ती भाकरी उलथते.

पोराच्या पिढीचं नशीबही असं, की ऐन शिकायच्या वयात घाट बंद होते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली. २०१७ मध्ये राज्यानं कायदा केला, तोही उच्च न्यायालयात अडकला. बैल गोठ्यात, घोड्या वरातीत. १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी आली, तेव्हा गावोगाव गुलाल उधळला गेला. १८ मे २०२३ ला घटनापीठानंही कायदा उचलून धरला. ज्याला पाचवीत असताना घोडी धरायची होती, तो तोवर बारावी ओलांडून बसला होता. वडिलांच्या मते त्या साडेसात वर्षांत पोराचे मार्क बरे होते आणि न्यायालयानं घाई केली.

सप्टेंबर २०२३ मध्ये त्याला मोठा दारूगोळा मिळाला. चीनमधल्या हांगझोऊ इथल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघांनी ड्रेसाज प्रकारात सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं सुवर्ण, आणि चौघांत मुंबईचा हृदय छेडा. पोरानं मोबाइल वडिलांच्या नाकासमोर धरला. वडिलांनी पूर्ण पाहिलं. “ह्यात पळायचं नसतंय?” त्यांनी विचारलं. नाही, ड्रेसाजमध्ये घोड्यानं स्वाराच्या इशाऱ्यावर मोजून पावलं टाकायची असतात. घोडे युरोपातले, सराव युरोपातला. “मग त्यांच्या बापाला विचार, ऊस किती एकर हाय,” असं म्हणून वडील मोटर चालू करायला गेले. जाता जाता त्यांनी मार्गही दाखवला. खडकवासल्याच्या एनडीएत घोडा सरकार देतं, वैरण सरकार देतं, फक्त गणित करून यावं लागतं.

त्याच वर्षीच्या जुलैत टोमॅटोनं डोकं वर काढलं होतं. नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं क्रेट दोन हजारांवर गेलं. घरात पहिल्यांदाच पैसे मोजून शिल्लक राहिले. पोरानं त्या आठवड्यात न सांगता गोठा झाडला, वडिलांचे पाय चेपले आणि चहाबरोबर विषय काढला. महिन्याअखेरीस दारात नवा ट्रॅक्टर उभा होता. “किती घोड्यांचा आहे बघ,” वडील म्हणाले, “एक मागत होतास.”

मग भीमथडीची बातमी आली. दख्खनच्या या काटक घोड्याला कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. मारवाडी, काठियावाडी वगैरे सात जातींनंतर ही आठवी. ज्या तट्टावरून आपण वाफ्यात पडलो, त्याचे भाऊबंद सरकारदरबारी नोंदले गेले, या आनंदात पोरगं दिवसभर जेवलं नाही. वडील म्हणाले, “घोड्याला दाखला मिळाला. तुझा उत्पन्नाचा अजून तहसीलातच हाय.”

वर्षातून एकदा, १९ फेब्रुवारीला, त्याचे दिवस फिरतात. शिवनेरी याच मुलखात, त्यामुळं शिवजयंतीची मिरवणूक घोड्याशिवाय निघत नाही. गावकारभारी स्वतः शोधत येतात. फेटा, अंगरखा, कमरेला तलवार आणि खाली मालकाची सब्जा घोडी. डीजेच्या भिंतीपुढं बिथरणाऱ्या जनावराला गुडघ्यांत धरून तासन्‌तास चालवणं ही बारीपेक्षा अवघड विद्या आहे. आई ओवाळते. आधी घोडीला, मग त्याला.

आणि जत्रेत वडील घाटात येतातच, कारण बैलाचा नाद त्यांनाही आहे. पोरगं बारी धरतं, घोडी चौखूर सुटते, निशाण पडतं, टोप्या उडतात. संध्याकाळी अंगभर धुरळा घेऊन तो ओट्यावर येतो आणि वाट बघतो.

“बारी पाहिलीत ना, तात्या?”

“पाहिली की. डाव्या अंगाचा बैल काय पळाला! कुणाचा रं तो?”

तो मालकाचं नाव सांगतो. मग न राहवून विचारतो, “आणि घोडी?”

“घोडी व्हती का?” वडील म्हणतात. आतून आईचा आवाज येतो, “व्हती. वास येतोय. ती पँट बाहेरच काढ.”