श्रीमंत ट्रेमोलो ब्रिजराव यांच्या सेवेशी

राजमान्य राजेश्री ट्रेमोलो ब्रिजराव,
मुक्काम पोस्ट सागवानी पाट, पिकअपच्या शेजारी,
यांसी कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपले जाहीर आभार मानायचे राहून गेले होते. घरी इलेक्ट्रिक गिटार करायची तर लाकूड, मान, पिकअप, तारा, चार वायरी आणि भरपूर रविवार लागतात. हे सगळं जमवून, तासून, पॉलिश करून झाल्यावर त्यावर पाणी फिरवायला मात्र एकटा पुरतो आणि तो एकटा म्हणजे आपण, हे आपण कोणताही गाजावाजा न करता सिद्ध केलंत. इतका विनम्र पराक्रम हल्ली पाहायला मिळत नाही.

आपलं प्रथमदर्शन मोबाइलच्या पडद्यावर घडलं. क्रोमचा झगमगाट, तारा टेकवायला सहा सॅडल, पोटाखाली ठोकळा, पाच स्प्रिंगा, बाजूला डौलदार दांडी आणि खाली ठळक अक्षरांत ‘सर्व गिटारींना बसेल’. स्थळ सांगून येतं तेव्हा मुलगा निर्व्यसनी आणि मनमिळाऊ असतोच, तसे आपण सर्व गिटारींना बसणारे होतात. तारांमधल्या अंतराचा एक आकडा सोडला तर विक्रेत्याने बाकी काही माहिती दिली नव्हती. थोरामोठ्यांबद्दल फार बोलू नये, असे संस्कार त्याच्यावर झाले असावेत.

आणि आपलं घराणं काय वर्णावं! १९५४ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर या गृहस्थांनी स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली आणि तिच्यावर आपले मूळपुरुष विराजमान झाले. फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. तरी त्यांनी अशी रचना बसवली, की दांडी दाबली की ब्रिज पुढे कलतो, तारा सैल पडतात, सूर खाली येतो. दांडी सोडली की पाठीमागच्या स्प्रिंगा ब्रिजला ओढून पुन्हा जागेवर आणतात. यातलं ‘पुन्हा जागेवर’ एवढं कलम आपल्या शाखेपर्यंत पोचेतो वारसाहक्कातून गहाळ झालं. त्याबद्दल आम्ही काही तलाठ्याकडे जाणार नाही.

आपले भाऊबंद पाहिले की आपला मोठेपणा आणखी डोळ्यांत भरतो. टेलिकास्टर गिटारवरचा थोरला म्हणजे एक पत्रा आणि तीन सॅडल. हलणं नाही, डुलणं नाही. त्याच १९५४ मध्ये गिब्सनच्या लेस पॉल कस्टमवर टेड मॅकार्टी यांचा ट्यून-ओ-मॅटिक आला. तो दोन खांबांवर उंच उभा राहतो, म्हणून मान तीनेक ते चार अंश मागे कलवावी लागते आणि ही अट तो तोंडावर सांगतो. फटकळच म्हणायचा. आपण मात्र उंचीबाबत अवाक्षर काढलं नाहीत. मानेचा खाचा कोरून झाला, आपण येऊन बसलात, सॅडल पार तळाला टेकवली आणि तरीही तारा बोटांना दाद देईनात. शेवटी मान काढून तिच्याखाली एका विमा एजंटाचं व्हिजिटिंग कार्ड कापून घातलं तेव्हा कुठे भागलं. हप्ता न भरता मिळालेलं ते आमचं पहिलं संरक्षण. त्याचंही श्रेय आपलंच.

रुंदीच्या बाबतीतला आपला दिलदारपणा तर विसरणं शक्य नाही. पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचं अंतर जाहिरातीत साडेबावन्न मिलिमीटर होतं. आम्ही बापडे त्या हिशेबाने फ्रेटबोर्डाची पट्टी निमुळती करून बसलो. आपण आलात, कॅलिपर लावला, तर छप्पन्न! मोजूनमापून देणं आपल्या स्वभावातच नाही. परिणामी पहिली तार पट्टीच्या अगदी कडेने चालते आणि जरा जोर देऊन खाली ओढली की फ्रेटवरून थेट बाहेर पडते. पिकअपमधली चुंबकंही तारांची वाट बघत राहतात आणि तारा शेजारून निघून जातात.

आता आपल्या प्रतिष्ठापनेविषयी. पाट जुन्या वाड्याच्या दाराच्या सागवानाचा. भोकं पाडायला बोलावले होते आमच्या गल्लीतले सुतार अण्णा, ज्यांच्या हाताखालून अर्ध्या पेठेची दारं गेली आहेत. आम्ही त्यांना समजावून सांगितलं, की तारेची लांबी साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या दुप्पट अंतरावर ब्रिजरावांचं आसन. पण तेवढ्याने भागत नाही. फ्रेटवर दाबली की तार ताणली जाते आणि सूर चढतो. जाड तारेचा जास्तच चढतो. म्हणून प्रत्येक तार हिशेबापेक्षा थोडी लांब ठेवायची. बारीक पहिलीला दीड-दोन मिलिमीटर, जाड सहावीला चार-पाच.

अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली, गुण्या लावला आणि म्हणाले, “साहेब, सुतात सांगा.”

एका इंचाचे आठ सूत. म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून थोडा मोठा. आम्ही म्हटलं, अर्धा सूतही चूक चालणार नाही. अण्णांनी आमच्याकडे पाहिलं, आपल्याकडे पाहिलं, आणि विचारलं, “आर्धा सूत इकडंतिकडं झालं तर काय दार लागायचं राहतं व्हय?” पण खूण त्यांनी केसभरही चुकवली नाही. पहिल्या तारेचं सॅडल जवळजवळ पुढच्या टोकाला आणून मगच रेघ मारली, कारण बाकीच्या सॅडलांना मागे सरकायला जागा हवी. मानेच्या दोन्ही कडांवरून दोरा ओढून मध्य काढला. टोच्याने सहा टिंबं केली, बिटाला खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळली आणि सहा भोकं अशी पाडली की ओळंबा लावून बघावीत.

आणि मग आपण आपला हात दाखवलात. सहावी तार बाराव्या फ्रेटवर चढी वाजली म्हणून तिचं सॅडल मागे घेऊ लागलो. सॅडलमागची स्प्रिंग एवढी लांब आणि ताठ, की अर्ध्या वाटेवरच तिच्या वेढ्याला वेढा भिडला. आता ना सॅडल मागे जाईना, ना सूर खाली येईना. दोन पैशांची ती स्प्रिंग पक्कडीने अर्धी कापली तेव्हा तार सुरात आली. हे काम कारखान्यात झालं असतं तर आम्हाला कुठून मिळालं असतं? ग्राहकाच्या हाताला काम मिळावं, अशी आपली कळकळ.

स्क्रूंबद्दलही ऋणी आहोत. सागवान मुरलेलं, आपले स्क्रू मात्र स्वभावाने मऊ. अण्णांनी आधी बारीक भोक पाडलं, आट्यांवर साबण घासला, सगळं रीतसर केलं. तरी चौथ्या स्क्रूने लाकडाशी वाद न घालता स्वतःचं डोकं तोडून दिलं. असा त्याग पुराणात वाचला होता. उरलेलं धड काढायला त्याच्याभोवतीचं लाकूड पोखरून, पक्कडीने ते उपटून, भोकात सागाची खुंटी बसवून नव्याने भोक पाडावं लागलं. अण्णा त्या वेळी जे बोलले ते आपल्यासारख्या खानदानी वस्तूच्या कानावर घालणं बरं नव्हे.

पण आपली खरी थोरवी कळली ती तारा चढवल्यावर. नऊ-बेचाळीसचा पातळ संच घेतला तरी सहा तारा मिळून सुमारे अडतीस किलोचा ओढा लागतो. त्याचा तोल पाठीमागच्या स्प्रिंगांनी उलट बाजूने ओढून सांभाळायचा आणि आपण मध्ये तरंगत राहायचं, ही व्यवस्था. सहावी तार सुरात आणली की आपण पुढे कलता, बाकीच्या पाच उतरतात. पाचवी चढवली की सहावी उतरते. अशा फेऱ्या मारत मारत माणूस पहिल्या तारेपर्यंत पोचतो, तोवर सहावीने पुन्हा पाय मागे घेतलेला असतो. आणि एखादी तार तुटली तर उरलेल्या पाच एकदम चढ्या होतात. एका जागी स्वस्थ बसावं लागलं तर आपल्या प्रतिष्ठेला बाध येत असणार.

तार तुटते का, असं कुणी विचारेल. तुटते. पहिलीच. सॅडलच्या खाचेला ओतकामातली जी कड राहिली आहे, तिची धार आमच्या पटाशीलाही लाभलेली नाही. बारीक कानस आणि त्यावर झिरो नंबरचा पॉलिशपेपर फिरवून आम्ही ती घालवली. शिवाय उंचीचे बारा स्क्रू आपण एकाच लांबीचे दिलेत. समानतेचं तत्त्व उत्तमच. पण कडेच्या सॅडलांवर ते वर डोकावतात आणि तळवा टेकवून वाजवणाऱ्याच्या हातावर आपली सही उमटवतात.

भुणभुणीचाही उल्लेख करायला हवा. गिटारच्या तारा ब्रिजमार्फत अर्थिंगला जोडाव्या लागतात, म्हणजे वाजवणाऱ्याचा हात तारेला लागला की घरातल्या विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण बरीचशी शमते. आपल्या रचनेत ती वायर पाठीमागे स्प्रिंगा अडकवायच्या पंजाला डाखायची असते. पंजा जाडजूड धातूचा. आमच्याकडची पंचवीस वॉटची सोल्डरिंग गन त्याला कोमट करेपर्यंत थकते. डाग वरवर बसतो, दिसतो छान आणि बोटाने ढकलला की निघतो. पृष्ठभाग कानसून, शेजारच्या रेडिओवाल्याची मोठी गन आणून ते काम उरकलं. तोपर्यंत आमच्या वादनाला आपण अखंड तानपुऱ्याची साथ पुरवलीत.

तानपुऱ्यावरून आठवलं. आपले एक दूरचे नातलग आमच्या मिरजेत असतात. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांच्या घोडीचा, म्हणजे ब्रिजचाच, माथा कारागीर कानसेने असा हलका उतरता करतो की कंप पावणारी तार त्यावर घासून झणकारते. त्या झणकाराला जवारी म्हणतात. तंबोऱ्यावर ती दोरा सरकवून लावतात आणि त्यासाठी कान तयार व्हायला वर्षं जातात. आपण मात्र कोणत्याही रियाजाशिवाय, एक सैल स्क्रू आणि एक डुगडुगतं सॅडल एवढ्याच सामग्रीवर झणकार काढता. मिरजेच्या मंडळींना ही विद्या शिकवायला जाऊ नये, एवढी विनंती. ती माणसं फार सोसतील असं वाटत नाही.

आणखी एक नाव घेतो, राग नसावा. ब्रायन मे नावाचा इंग्रज मुलगा १९६३ मध्ये वडिलांना हाताशी घेऊन घरीच गिटार करायला बसला. मानेचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. ब्रिजसाठी त्याने आपल्या खानदानाकडे निरोप धाडला नाही. तारांच्या ओढ्यावर तोलणारा पत्रा त्याने सुरीसारख्या धारेवर टेकवला, त्याला १९२८ च्या पँथर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लावल्या, दांडी सायकलच्या पिशवीच्या आधाराची आणि तिच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. तार जिथे टेकते तिथे फिरती चाकं, म्हणजे घासायलाच नको. ती गिटार घेऊन तो पुढे क्वीन या बँडमध्ये आयुष्यभर वाजवत राहिला आणि २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभा राहिला. भंगारातून आलेला ब्रिज राजवाड्यावर चढला आणि क्रोम चढवलेले आपण आमच्या गॅलरीतही सुरात राहत नाही. कुणाच्या नशिबात काय असतं, आपण काय बोलणार!

असो. आपल्या तरंगण्याच्या छंदावर आम्ही एक छोटासा उपाय योजला आहे, तो गोड मानून घ्यावा. पंजाचे दोन्ही स्क्रू आवळून पाचही स्प्रिंगा घट्ट केल्या आहेत, त्यामुळे आपलं बूड आता लाकडाला टेकलं आहे. आणि पोटाखालच्या ठोकळ्यामागे, शेपटीच्या बाजूला, अण्णांनी त्याच वाड्याच्या दाराची एक पाचर ठोकून दिली आहे. ठोकताना ते अगदी मनापासून ठोकत होते. तेव्हापासून आपण पुढे कलत नाही, मागे रेलत नाही आणि सहाच्या सहा तारा लावल्या तशा राहतात. दांडी काढून ठेवली आहे. तिची आपल्याला आठवण येत असेल तर कळवावे, दाखवायला आणू.

पुढच्या गिटारीचं लाकूड अजून घेतलेलं नाही. ब्रिज मात्र आधी मागवला. साधा, दांडी नसलेला हार्डटेल. डब्यातून मापाचा आराखडाही आला, उंचीसकट. सध्या महाराज टेबलावर बसले आहेत आणि अण्णा रोज कामावरून जाताना कॅलिपर लावून त्यांची परीक्षा घेतात. आपले भाऊबंदच आहेत, पण ओळख करून द्यायचा विचार नाही. चांगल्या घरातली वस्तू आहे, उगाच वळण लागायचं.

कळावे. लोभ आहेच, तो वाढवू नये ही विनंती.

आपला ऋणाईत,
पाटाचा मालक

ता. क. : स्क्रूचं तुटलेलं डोकं जपून ठेवलं आहे. पावती पाठवल्यास परत करू.