पॉइंट फाइव्ह मामा

चिंचोळी एमआयडीसीत माल कसलाही निघो, केमिकल, टॉवेल नाहीतर लोखंडी पार्ट, प्रत्येक कारखान्यात एक मामा असतोच. वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी पक्की, डोळ्यांखाली पिशव्या आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या मागं कात्रीनं कापलेली गोळ्यांची पट्टी. थर्ड शिफ्टच्या चहाला कुणी जांभई देत "काल झोपच नाही झाली बे" म्हणायचा अवकाश, मामा त्याच्या शेजारी येऊन बसतात. तपासायच्या आधी इतक्या जवळ डॉक्टरसुद्धा बसत नाही.

"किती घेतोस?"

"काय किती?"

"म्हणजे काहीच घेत नाहीस?" मामांना मनापासून वाईट वाटतं. "मग झोप कशी येईल बे?"

मामा औषधाचं नाव घेत नाहीत, आकड्यात बोलतात. अल्प्राझोलामची ०.२५ मिलिग्रॅमवाली गोळी म्हणजे 'पॉइंट टू फाइव्ह'. ती अप्रेंटिस पोरांसाठी. ०.५ म्हणजे 'पॉइंट फाइव्ह'. ती पर्मनंट लोकांची. कुणी अर्धी तोडून घेतो असं कळलं, की मामा त्याला कंत्राटी समजतात.

मामांना आजार कुठला, हे त्यांनी कुणाला विचारलेलं नाही. आजार खरा तर नोटीस बोर्डावर लागलेला असतो. या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, त्याच्या पुढं थर्ड. शरीराला रात्र कुठली हे शनिवारपर्यंत कुठं उमगतं, तोवर सोमवारी पाळी बदलते. आणि थर्ड करून घरी जाऊन दिवसा झोपायचं म्हणजे सोलापुरात झोपायचं! मे महिन्यात पारा त्रेचाळिसाच्या घरात, डोक्यावर पत्रा, खाली भंगारवाल्याची आरोळी. मामा राहतात पूर्व भागात. तिथं शेजारच्या घरातला यंत्रमाग खडखडत असतो, पण त्याचा त्रास नाही. लहानपणापासून सवय आहे. वीज गेली आणि माग थांबले, की मामा दचकून जागे होतात.

यातलं काहीच मामांना बदलता येत नाही. गोळी मात्र बदलता येते. म्हणून त्यांचा अभ्यास त्या बाजूनं वाढला.

तो अभ्यास ऐकण्यासारखा आहे. "झोल्पिडेम म्हणजे हाफ डे. अडीच तासात निम्मी उतरती. अल्प्राझोलाम दहा-बारा तास, म्हणजे एक शिफ्ट आणि वर ओटी. आणि ती जुनी डायझेपाम? ती मस्टरवर सही करून घरीच जात नाही बे. रविवारी घेतली तर मंगळवारी पण गेटवर उभी." फार्मसीच्या पुस्तकात अर्धायुष्याची हीच आकडेवारी आहे, फक्त इतकी लक्षात राहत नाही.

अडचण अशी, की मामांना हे सगळं पाठ असूनही ते सकाळी साडेआठला घेतलेली गोळी अंगात बाळगून रात्री कामावर यायचे. पूर्वी प्रेसवर असत. एकदा प्रेस खाली येत असताना मामा मान खाली घालून इतके शांत उभे होते, की बाजूच्या पोरानं घाबरून मेन स्विच पाडला. तेव्हापासून त्यांना स्टोअरला बसवलंय. मामा याला प्रमोशन म्हणतात.

मेडिकलवाल्याशी त्यांचं नातं वेगळंच आहे. मूळ चिठ्ठी दहा दिवसांची होती. डॉक्टरांनी "तेवढंच घ्या, नंतर बंद" म्हणून बजावलंही होतं. मामांनी ती चिठ्ठी लॅमिनेट करून घेतली. २०१४ पासून अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही मंडळी शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, नग हे सगळं लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं.

"मामा, तारीख बघा की. दहा दिवस कधीच संपले."

"दिवस संपले असतील. माझ्या रात्री कुठं संपल्या?"

दुकानदार देत नाही. मग मामा पुढच्या चौकातल्या दुकानात तीच चिठ्ठी काचेवर ठेवतात. कुठंतरी कुणीतरी देतं, हे आपल्याकडचं उघड गुपित आहे, आणि त्यात हसण्यासारखं फारसं काही नाही.

मध्ये एकदा मामींनी शपथ घातली म्हणून त्यांनी गोळी एकदम बंद केली होती. त्या रात्री मामांनी घरातल्या सगळ्या घड्याळांची वेळ जुळवली, पहाटे शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली, आणि शेजारी दार वाजवू लागले तेव्हा निष्कर्ष जाहीर केला: "बघा, गोळी नाही तर झोप नाही. म्हणजे गोळी लागतीच." डॉक्टर सांगतात ते नेमकं उलटं: एकाएकी सोडली की उसळून येणारी ही जाग गोळीचीच देणगी असते, एखाद्याला झटकेसुद्धा येतात, म्हणून ती त्यांच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवायची. पण मामांचा निष्कर्ष तोवर प्रत्येक खात्यात पोचलेला होता.

मग त्यांनी झोपिक्लोन करून पाहिली. हिचा गुण असा, की दुसऱ्या दिवशी तोंडात कडवट, धातूसारखी चव रेंगाळते. मामांनी आधी कँटीनवाल्याला धरलं, "चहात नाणं उकळलंस का बे?" मग घरी आमटीला नावं ठेवली. मामींनी पातेलं पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "मग गोळीच खावा."

सध्या मुक्काम झोल्पिडेमवर आहे, आणि खरे मामा इथंच बहरले. या गोळीनं माणूस झोपतो, पण कधीकधी त्याचे हातपाय आणि तोंड ड्युटीवर राहतात, आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं २०१९ मध्ये तिच्यावर चौकटीत ठळक इशारा छापायला लावला: लोक झोपेत चालतात, स्वयंपाक करतात, गाडीसुद्धा काढतात. हे कुणीतरी वाचून दाखवलं तेव्हा मामा घाबरतील असं वाटलं होतं. मामा खुलले. "म्हणजे तिकडं पण होतंय!" त्याच एफडीएनं २०१३ मध्ये बायकांचा डोस दहावरून पाचवर आणला, कारण सकाळी गाडी चालवतानाही त्यांच्या रक्तात पुरेशी गोळी उरायची. मामांनी यातून एवढंच उचललं, की घरात गोळी मागितलीच तर मामींना अर्धी. मामींनी कधी मागितलेली नाही.

त्यांना गरजही नाही, कारण गोळीचा खरा फायदा त्यांनाच कळला. गोळी घेतल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी मामा कशालाही 'हो' म्हणतात. हे आधी सुपरवायझरला समजलं. तो बरोबर त्या वेळी फोन करायचा, "मामा, उद्या डबल करता का?" मामा खणखणीत आवाजात "येतो साहेब." दुसऱ्या दिवशी मस्टरवर आपलं नाव बघून मामा चकित. ओव्हरटाइमचे पैसे दुप्पट मिळतात, त्यामुळं तक्रारही करता येत नाही.

मग मामींनी ती वेळ ताब्यात घेतली. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, दिवसाआड आलं तरी चांगभलं; आणि येतं तेव्हा वेळ-काळ बघत नाही. "पाणी आलं!" ही हाक सगळ्या गोळ्यांना पुरून उरते. एका रात्री मामा झोल्पिडेमच्या तंद्रीत उठले, मोटर लावली, दोन्ही बॅरल, हंडे, कळश्या, आंघोळीचं पातेलं, सगळं काठोकाठ भरलं, पाइप गुंडाळून ठेवला आणि परत झोपले. सकाळी उठून त्याच बॅरलला टेकून उभे राहिले आणि पाणी सोडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, चार दिवस झाले थेंब नाही म्हणून. मामी काही बोलल्या नाहीत. बॅरलवरचं झाकण तेवढं काढलं.

आता पाण्याच्या पाळीचा अंदाज घेऊन मामी स्वतःच आठवण करतात, "गोळी घेतली का?" सुपरवायझरचा फोन त्या वेळेत आला तर उचलत नाहीत.

मामा फक्त एका गोष्टीला भितात. मेव्हण्याला पतपेढीचं कर्ज हवंय आणि जामीनदार सापडत नाही. मेव्हणा मुक्कामाला आला, की मामा पट्टीला हात लावत नाहीत. "झोपेत सही झाली तर काय घ्या!" म्हणून रात्रभर डोळे उघडे ठेवायचा निश्चय करून भिंतीला टेकून बसतात.

मामी सांगतात, त्या रात्री ते असे घोरतात, की भाऊ उशी घेऊन गच्चीवर जातो.