घोडा, मी आणि प्रकाशनपूर्व सवलत

माझ्या कादंबरीच्या मुखपृष्ठावरचा घोडा चुकीचा आहे. हे मी प्रकाशकांना सांगितलं, चित्रकाराला सांगितलं, शेवटी छापखान्यात जाऊन मशीनवाल्यालाही सांगितलं. मशीनवाला निदान "हो का?" म्हणाला. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

तो घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे. आयाळ एखाद्या शांपूच्या जाहिरातीला शोभेल अशी. उंची एवढी, की स्वाराला उतरायला शिडी लावावी लागेल. मागे आभाळ पेटलेलं, आणि स्वाराच्या हातात तलवार. माझ्या कादंबरीत तलवार नाही. म्हणजे आहे, पण ती दुसऱ्याच्या हातात आहे आणि तो दुसरा बराच लांब आहे. माझ्या नायकाच्या हातात पहिल्या पानापासून खरारा आहे, म्हणून तर कादंबरीचं नाव 'खरारा'. नायक मोतद्दार आहे. १७६० च्या मार्चमध्ये भाऊसाहेबांची फौज परतूरहून उत्तरेकडे निघाली, तिच्या मागे मागे पागेतली मैना नावाची तांबडी घोडी सांभाळत चाललेला माणूस. घोड्यावर तो कधी बसतच नाही. मुखपृष्ठावर बसलाय तो कोण, हे प्रकाशकांनाही माहीत नाही. "पण खपतो," एवढंच त्यांचं म्हणणं.

मी पशुसंवर्धन खात्यातला निवृत्त पशुधन विकास अधिकारी. सगळी नोकरी दौंड, इंदापूर, फलटण या पट्ट्यात म्हशींच्या मागे उभं राहून गेली. म्हैस कुणाचा हुद्दा बघत नाही, लाथ मारताना भेदभाव करत नाही. पुढच्या साहित्यिक आयुष्याची ती तयारी चालली होती, हे तेव्हा कळलं नाही. ऐतिहासिक कादंबरीच लिहायची, हे मात्र पक्कं होतं. अडचण जागेची होती. माधवरावांवर 'स्वामी', बाजीरावांवर 'राऊ', संभाजीराजांवर 'छावा'. सगळ्या गाद्या भरलेल्या. ना. सं. इनामदारांनी तर 'झेप' लिहून त्रिंबकजी डेंगळ्यांचंही आरक्षण करून टाकलेलं. मला पागेतच काय ती जागा उरली होती.

आता विषय निघालाच आहे तर भीमथडीबद्दल सांगतो. (घरचे म्हणतात, विषय निघत नाही, हे काढतात.) भीमथडी म्हणजे भीमेच्या काठचं तट्टू. खांद्याजवळ उंची साधारण १३० सेंटिमीटर. दिसायला तसं काही नाही. रंग बहुधा तांबडा, पाय काटक, खूर टणक. मिळेल ते खातं, नाही मिळालं तर कालच्या खाण्यावर चालतं. बड्या सरदारांच्या पागेत अरबी, काठेवाडी जनावरं असायची, पण साध्या स्वाराच्या मांडीखाली हेच. समोर अब्दालीची तुर्की घोडी, चांगली थोराड, आणि अलीकडे आमचं हे, छातीला लागणारं. पुण्यात भीमथडी म्हटलं की लोकांना डिसेंबरातली जत्रा आणि मासवडी आठवते. राजा बढ्यांच्या गीतात ही तट्टं थेट यमुनेवर पाणी प्यायला जातात. ते गीत २०२३ पासून राज्यगीत आहे, आपण ते ताठ उभं राहून म्हणतो. आणि म्हणणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांच्या डोळ्यांपुढे माझ्या मुखपृष्ठावरचाच घोडा असतो, मागच्या दोन पायांवर. तसं उभं राहून पाणी पिता येत नाही, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

हे तट्टू आज बघायचं तर धनगरांकडे. दिवाळी झाली की वाडे कोकणाकडे उतरायला लागतात. पुढे मेंढरं, मागे घोडी. घोडीवर भांडी, अंथरुणं, पाय बांधलेल्या कोंबड्या, त्यावर सकाळीच जन्मलेलं कोकरू, आणि कधी कधी त्याही वर धनगराचं पोर. पावसाआधी तेच बिऱ्हाड परत देशावर. रस्त्याकडेला गाडी थांबवून मी या घोड्यांचे दात बघितलेत, खूर उचलून बघितलेत. सरकारी जीप थांबली की धनगर आधी दंडाची चौकशी करतात आणि मग साहेब खुरांना हात लावतोय म्हटल्यावर चहा टाकतात.

गंमत पुढेच आहे. या जातीची सरकारदरबारी नोंदच नव्हती. देशात घोड्यांच्या नोंदलेल्या जाती सात. मारवाडी, काठेवाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, भुतिया, स्पिती आणि झंस्कारी. अगदी अलीकडे भीमथडी आठवी झाली. हा शिक्का मारणारी राष्ट्रीय संस्था कुठे असावी? कर्नालला. पानिपतापासून गाडीने तासाभराच्या आत. अडीचशेहून जास्त वर्षांनी आमच्या तट्टाला कागद मिळाला, तो तिथून! बातमी वाचून मी बायकोला हाक मारली. माझा आवाज ऐकून ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोण गेलं?"

हा सगळा मजकूर मूळ प्रस्तावनेत होता. प्रकाशकांनी काढून टाकला. म्हणून इथे.

प्रचाराचं खातं माझ्या भाचीनं घेतलं. ती एका कंपनीसाठी साबण विकते, म्हणजे इंटरनेटवरून. "मामा, तुझी कादंबरी एका वाक्यात सांग," म्हणाली.

"एक मोतद्दार..."

"थांब. मोतद्दार म्हणजे काय हे सांगण्यातच रील संपेल. सरळ पानिपत म्हण ना."

"पानिपत म्हटलं की लोक म्हणतात, विश्वास पाटलांनी लिहिलंय की."

आणि ते खरंच आहे. १९८८ साली 'पानिपत' आली आणि मराठी माणसानं तो विषय कपाटात नीट लावून ठेवला. मी कुणालाही माझं पुस्तक दाखवलं की तो आधी त्या पुस्तकाबद्दल बोलतो. मीही बोलतो, कारण मलाही ते आवडतं. मग आम्ही दोघं मिळून माझ्या पुस्तकाचा वेळ त्या पुस्तकाला देतो आणि आनंदानं निरोप घेतो.

भाचीचं म्हणणं, पहिल्या तीन सेकंदांत घोडा दिसला पाहिजे आणि घोड्यावर लेखक दिसला पाहिजे. माझा नायक घोड्यावर बसत नाही, हा मुद्दा मी मांडला. मांडताना आवाज मुद्दाम बारीक ठेवला, कारण फेटा मी आधीच बघून ठेवला होता. केशरी, जरीकाठी. आरशासमोर बांधूनही बघितला होता, बायको भिशीला गेली असताना. त्यात मी मोतद्दार दिसत नव्हतो, हे मला स्वच्छ दिसत होतं. किमान दोन हजारी मनसबदार दिसत होतो.

घोडा मिळाला तो वरातीचा. म्हणजे घोडी, पांढरी, अंगावर आरशांची झूल, कपाळावर पिसारा. मी सवयीनं आधी तिचे दात बघितले. वय चौदा-पंधरा, तब्येत ठीक, डोळ्यांत लग्नसराईचा शीण. नदीपात्रातल्या रस्त्यावर सकाळी मला वर चढवलं. पायजम्याचं आणि रिकिबीचं काही जमेना, तेव्हा घोडीवाल्यानं आणि भाचीच्या मित्रानं मला मागून ढकललं. वर बसल्यावर मात्र अंगात काहीतरी संचारलं. मान आपोआप ताठ झाली, हात मिशीकडे गेला. मिशी नाही, तरी गेला. दृष्टी उत्तरेकडे लावली. उत्तरेला महापालिकेची इमारत होती, पण माझ्या नजरेला ती अडवत नव्हती. एवढ्यात भाचीच्या मित्राचा फोन वाजला. रिंगटोन वरातीच्या गाण्याची. घोडी इमानी, शिकवल्याप्रमाणे लगेच नाचायला लागली. चारही पायांवर, ठेक्यात. वर मी, दोन हजारी मनसबदार, तिच्या मानेला मिठी मारून. सकाळी फिरायला आलेले दोन काका थांबले. एक दुसऱ्याला म्हणाला, "या वयात?" दुसरा म्हणाला, "असेल हौस. मुलीकडच्यांना चालत असेल तर आपण कोण?"

हेच रील गाजलं. किती लोकांनी बघितलं ते भाचीनं सांगितलं. आकडा पानिपतावरच्या दोन्ही फौजांहून मोठा होता. त्यांतल्या किती जणांनी प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तक मागवलं, ते तिनं विचारूनही सांगितलं नाही.

प्रकाशन समारंभाचं फार सांगत नाही, तो तुम्ही बघितलेला आहे. मी नसेन, दुसरा कुणी असेल, एवढाच फरक. निवेदिका म्हणाल्या, "ज्यांनी आयुष्यभर मुक्या प्राण्यांची सेवा केली, ते आता वाचकांकडे वळले आहेत." रंगीत कागद सुटला, सगळ्यांनी पुस्तक छातीशी धरलं. एकांनी उलटं धरलं, त्यामुळे घोड्याचे उरलेले दोन पायही हवेत गेले. प्रमुख पाहुण्यांनी कादंबरी वाचली नव्हती, मुखपृष्ठ मात्र बारकाईनं वाचलं होतं. नायकाच्या तलवारबाजीवर ते इतकं सुंदर बोलले, की ती कादंबरी कुठे मिळेल असं मलाच विचारावंसं वाटलं.

कार्यक्रमानंतर माझ्यासमोर रांग लागली. मी पेन काढलं. नवं, खास त्यासाठी घेतलेलं. पहिल्या गृहस्थांनी पुस्तक पुढे केलं नाही, आडनाव पुढे केलं. "आमच्या घराण्याचा उल्लेख आहे का यात? आमचे मूळ पुरुष भाऊसाहेबांच्या उजव्या हाताला होते." दुसऱ्यांचे डाव्या हाताला होते. तिसऱ्यांकडे तर सनदेची झेरॉक्स होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत. रांगेतला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या सरदाराचा वंशज निघाला. उल्लेख नाही म्हटल्यावर चेहरे पडले. एकांनी तर पुस्तक परत टेबलावर ठेवलं, गठ्ठ्यात, नीट कडा जुळवून.

मला राग आला. पुस्तक ठेवलं म्हणून आला, हे आहेच. पण घरी जाताना तो वेगळ्याच कारणानं वाढत गेला. त्या फौजेबरोबर मोतद्दार होते, पाणके होते, लोहार, नालबंद, तंबू उभारणारे, ओझी वाहणारे होते, यात्रेला म्हणून निघालेली बाया-माणसं होती. इतिहासात या सगळ्यांना मिळून एक शब्द आहे, बाजारबुणगे. आणि तोही बहुतेक वेळा दोष द्यायला वापरतात. बुणगे होते म्हणून वेग गेला, बुणगे खात होते म्हणून रसद संपली. नोव्हेंबरपासून कोंडी झाली, गोविंदपंत बुंदेले पडले, दाणावैरण तुटली. तेव्हा घोड्याच्या तोबऱ्यात काय घालायचं, हा प्रश्न ज्याच्यापुढे रोज सकाळी उभा राहिला असेल, तो माणूस भाऊसाहेबांच्या उजव्या हाताला नव्हता. १४ जानेवारी १७६१ ला स्वार उपाशी घोड्यांवर बसून गेले. ते घोडे तोवर उभे कुणी ठेवले होते? सव्वा लाख बांगडी फुटली म्हणतात. त्या सगळ्या बांगड्या काही वाड्यांतल्या नव्हत्या. आणि आज त्या बुणग्यांतल्या एकाचाही वंशज असल्याचं कुणी सांगत नाही. "आमचे खापरपणजोबा पानिपतावर शेण काढत होते," असं म्हणत हात पुढे करणारा माणूस मला या सगळ्या प्रचारात भेटला नाही. भेटला असता तर पुस्तक फुकट दिलं असतं, सवलत वगैरे बाजूला ठेवून. केशरी फेट्याचा विचार मनात आला, पण तो मी बाजूला सारला. घडी करून, कारण भाड्याचा होता.

त्यानंतर मी अप्पा बळवंत चौकात जायला लागलो. रोज नाही, पण दुकानदार ओळखायला लागतील इतका. हा चौक ज्या अप्पा बळवंत मेहेंदळ्यांच्या नावाचा, त्यांचे वडील बळवंतराव पानिपतावरच पडले, मोठ्या लढाईच्या महिनाभर आधीच्या चकमकीत. माझ्या पुस्तकाला याहून हक्काची जागा जगात नाही. एका दुकानात मी परक्या गिऱ्हाइकासारखं विचारलं, "'खरारा' आहे का हो? बरंच बोलतात त्याबद्दल."

"आत, डावीकडे. शेती-पशुपालन."

खरंच तिथे होतं. शेळीपालन मार्गदर्शक, मुरघास कसा करावा, आणि मध्ये माझा पेटलेल्या आभाळाखालचा घोडा. ऐतिहासिक विभागात हलवा, असं मी सुचवलं. मालकांनी मलपृष्ठावरचा फोटो बघितला, मला बघितलं आणि म्हणाले, "तिथे धूळ खातंय. इथे निदान हात लागतो. फेट्यात बरे दिसता."

परवा रात्री फोन आला. फलटणकडचे, आवाजावरून साठीतले. नंबर पुस्तकातून घेतला होता.

"डॉक्टर, शेळीपालनाचं पुस्तक घ्याया गेलतो, त्येच्यासंगं तुमचंबी घेतलं. नातवानं वाचून दावलं. नर्मदेवर घोडीच्या पोटात दुखतंय तवा तो गडी तिला रातभर फिरवतो, बसू देत न्हाई, ते बेस लिवलंय. हिंग जरा जास्त घातलाय, पण चालतंय."

मी म्हटलं, "आभार."

"पर ती मैना गेली कुठं? शेवटाला समदं माणसांचंच लिवलंय."

मी सांगायला लागलो, की अशा जनावरांच्या नोंदी नाहीत, बखरींत उल्लेख नाही, कागदपत्रांत...

"कागद ऱ्हाऊ द्या. तुमी जनावराचं डॉक्टर हायसा. अंदाजानं सांगा."

मग मी सांगितलं. अडीच महिन्यांच्या उपासमारीत तेवढ्या वजनाच्या घोडीचं काय होतं, आधी कुठली हाडं वर येतात, पाय कधी फुगतात. आणि तरीही भीमथडी असेल तर शेवटच्या दिवशी ती उभी असणारच, हे पण सांगितलं. बराच वेळ बोलत होतो. बायको दारात येऊन बघून गेली. पलीकडून मध्ये मध्ये फक्त "व्हय, व्हय" येत होतं.

"मंग येवढं दुसऱ्या आवृत्तीत घाला," ते म्हणाले.

दुसरी आवृत्ती हे शब्द तोवर माझ्यासमोर कुणीही उच्चारले नव्हते. मी त्यांना ताबडतोब प्रकाशकांचा नंबर लिहून घ्यायला लावला आणि म्हटलं, हेच तिकडे सांगा, आणि जरा मोठ्यानं सांगा.