पुलावरचा माणूस

२८ सप्टेंबर २०२१. यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यातल्या दहागावचा नाला पुलावरून वाहत होता. नागपूर-नांदेड मार्गावरची एसटी त्या पाण्यात शिरली आणि वाहून गेली. गावकऱ्यांनी धाव घेतली, काहींना वाचवलं; काहींचे मृतदेहच हाती आले.

पाणी दिसत असताना चालकाने गाडी घातलीच कशी, असं सगळ्यांनी विचारलं. मी दुसरं विचारतो : अशा पुलावर गाडी अडवण्याचा अधिकार कुणाला दिलाय?

पावसाळ्यात आपल्याकडच्या कुठल्याही रपट्यावर जाऊन बघा. काठावरच्या खांबावरचे आकडे गाळाने माखलेले. कठडा नाहीच. दोन्ही काठांवर मोटरसायकली थांबलेल्या. एकजण पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, काठीने चाचपत पाण्यात उतरतो. पलीकडून ओरडतो, "गुडघाभरच हाय, या!" त्या एका हाकेवर बायका-लेकरं बसलेली ऑटोही निघते. दोन फूट वाहतं पाणी जीप उचलून नेतं, हे त्या काठावर कुणीच सांगत नाही.

२२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं, तेव्हा हवाई दलाचं हेलिकॉप्टर मागवावं लागलं. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या असतात नागपूरला आणि धुळ्याला. नागपूरहून यवतमाळच दीडशे किलोमीटर, महागाव त्याच्याही पुढे. ते जवान जिवावर उदार होऊन येतात, त्यांना सलाम. पण नाला तासाभरात चढतो. त्या तासात तांड्याजवळ असतात ते पोलीस पाटील, कोतवाल आणि गावातली पोरं. त्यांच्या हातात आपण काय दिलंय? दोर? टॉर्च? लाइफ जॅकेट?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं, साधनं तयार ठेवणं ही स्थानिक संस्थांची जबाबदारी, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ग्रामपंचायतीचीही. दोर, लोखंडी आडकाठी आणि रात्रभर बसणाऱ्या माणसाची मजुरी यांना कोट्यवधी लागत नाहीत.

सरपंचांनो, तहसीलदार साहेब, पावसाआधीच्या आढावा बैठकीत एकच कागद मांडा. तालुक्यातल्या प्रत्येक बुडणाऱ्या पुलासमोर एका माणसाचं नाव आणि फोन नंबर. एक रकाना जरी कोरा राहिला, तरी बैठक उठू देऊ नका.