ब्लाऊजपीसचा फेरा

मराठी घरातल्या कपाटात वरच्या फळीवर एक पिशवी असते. तिच्यात ब्लाऊजपीस असतात, आणि ते शिवण्यासाठी नसतात. बारशाला, मुंजीला, हळदीकुंकवाला आलेला पीस तिथे मुक्काम करतो आणि पुढच्या सवाष्णीच्या ओटीत जाऊन पडतो. जेमतेम 80 सेंटिमीटर कापड. त्यात धडधाकट बाईचा ब्लाऊज होत नाही हे देणारीलाही ठाऊक असतं आणि घेणारीलाही. कसोटी असते ती स्मरणशक्तीची. हा पोपटी पीस कोणाकडून आला होता? तिच्याच ओटीत परत गेला, तर पुढची चार लग्नं तोच विषय. म्हणून काहीजणी पिसाला टाचणीने नावाची चिठ्ठी लावून ठेवतात. देताना ती काढायला विसरतात, हा भाग निराळा.

हा उद्योग फक्त आपलाच, असं मात्र नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पापुआ न्यू गिनीकडच्या ट्रोब्रिअँड बेटांवर जाऊन राहिला. तिथले लोक होड्या घेऊन समुद्र ओलांडत आणि शिंपल्यांचे दागिने एकमेकांना देत. लाल माळा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे बेटाबेटांतून फिरायच्या, पांढरी कडी उलट्या दिशेने. ‘कुला’ म्हणतात त्याला. 1922 साली मालिनोव्स्कीने त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. बहुतेक कडी इतकी लहान, की पोराटोरांच्या दंडातही जाऊ नयेत, अशी नोंद त्यात आहे. आणि दागिना फार दिवस दाबून बसणारा माणूस तिथे चिक्कू ठरे. एवढं कळायला बिचारा बोटीने गेला. श्रावणातला एक शुक्रवार दादरला काढला असता, तरी भागलं असतं.

या फिरतीला खरा खोडा घातला तो स्टीलच्या भांड्यांनी. दुकानातच मशीनने ‘मामाकडून सप्रेम भेट’ आणि खाली तारीख कोरून मिळते. एकदा नाव पडलं, की पातेलं पुढे सरकवायची सोय संपली. ते माळ्यावर चढतं.

रोख आहेराची तऱ्हा वेगळी. मंडपाच्या कोपऱ्यात एक विश्वासू काका वही घेऊन बसतात. 101, 251, 501 अशी नावानिशी नोंद होते. आहेर देणाऱ्याच्या घरचं कार्य निघालं, की वही उघडायची आणि महागाई धरून आकडा वाढवायचा. गावाकडे तर ही रक्कम माइकवरून पुकारतात, त्यामुळे 51 वाल्याला पंगतीत मान खाली घालून जेवावं लागतं. आयकर खातं त्या मानाने दिलदार. परक्यांकडून वर्षात 50,000 रुपयांवर भेटी आल्या तर त्यावर कर आहे, पण वधूवरांना लग्नात मिळालेला आहेर त्यातून सुटतो.

2021 मध्ये मदुराईच्या एका कुटुंबाने लग्नपत्रिकेवरच क्यूआर कोड छापला होता. आता काकांची वही गेली, पाकिटावर चिकटवलेला रुपयाही गेला. किराणा दुकानात रक्कम ओरडून सांगणारा तो डबा तेवढा बोहल्याशेजारी ठेवायचा राहिलाय.