निकालाचा छेद दाखवा

दहावीचा निकाल लागला की शाळांच्या कुंपणावर फ्लेक्स चढतात. गुणवंतांचे फोटो, नावापुढे टक्के आणि सर्वांत ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के निकाल’. माझा प्रश्न साधा आहे. शंभर टक्के, पण किती मुलांपैकी?

राज्य मंडळापासूनच सुरुवात करू. मे २०२५ मध्ये दहावीचा निकाल ९४.१० टक्के जाहीर झाला. नियमित विद्यार्थ्यांची नोंदणी होती १५,५८,०२०. परीक्षेला बसले १५,४६,५७९. टक्केवारी काढली ती बसलेल्यांवर. म्हणजे फॉर्म भरूनही जी ११,४४१ मुले परीक्षेला आली नाहीत, ती पासही नाहीत आणि नापासही नाहीत. ती हिशेबातच नाहीत. शिवाय हा आकडा फक्त ‘नियमित’ मुलांचा. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणाऱ्यांचा निकाल मंडळ वेगळा सांगते. तो शाळेच्या नावावर चढत नाही.

पळवाट नेमकी इथेच आहे. १७ नंबरची सोय मुळात फार चांगली. शाळा सुटलेल्या बाईला, कामाला लागलेल्या पोराला पुन्हा परीक्षेला बसता यावे म्हणून ती केली. पण कित्येक शाळा तिचा उपयोग मुले बाहेर काढायला करतात. नववीत गणित-विज्ञानात अडकलेल्या मुलाच्या वडिलांना बोलावणे जाते. ‘आमच्याकडे ठेवलंत तर याचं वर्ष वाया जाईल. दाखला घेऊन जा, सतरा नंबर भरा, सुटेल तो.’ वडील रोज बुडवून आलेले असतात. सरांसमोर ते नाही म्हणत नाहीत. १७ नंबरला शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि ज्या दाखल्यासाठी एरवी चार खेपा घालाव्या लागतात, तो त्या दिवशी हातोहात मिळतो. सगळ्या शाळा असे करत नाहीत. करणाऱ्या कोणत्या, हे मात्र तालुक्यातल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते.

खरा निकाल शाळेच्या कपाटात असतो, जनरल रजिस्टरमध्ये. एका आडव्या ओळीत एक मूल: नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, कोणत्या इयत्तेत दाखल झाले. आणि उजव्या टोकाला शाळा सोडल्याचे कारण. त्या रकान्यात ओळीमागून ओळ ‘पालकांच्या विनंतीवरून’ अशी नोंद दिसली की समजावे, इथे कुणीतरी पालकांना विनंती करायला लावले आहे. ऊसतोडीला गेले, लग्न लावून दिले, हे त्या रकान्यात येत नाही.

आणि नेमके तेच घडलेले असते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, त्या मार्च-एप्रिलच्या आधी बहुधा परतत नाहीत. २०२५ ची दहावी २१ फेब्रुवारीला सुरू झाली. आईबाप कोयत्यावर गेले की घरी राहिलेली थोरली मुलगी धाकट्यांचे करते, भाकऱ्या थापते आणि जमले तर शाळा गाठते. ती सोळा-सतरा वर्षांची झाली की तिला एकटी कशी ठेवायची, हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर म्हणून स्थळ येते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. शहरे धरून हा आकडा आहे.

अशी मुले सांभाळणाऱ्या शाळेचा ऐंशी टक्के निकाल आणि आठवीपासून क्लासला जाणाऱ्या डॉक्टर-वकिलांच्या मुलांचा शंभर टक्के निकाल आपण वर्तमानपत्रात एकाच तक्त्यात छापतो. वरच्या शाळेला चांगली आणि खालच्या शाळेला वाईट म्हणून मोकळे होतो. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या प्रशाला आजही दहावीपर्यंत चालतात. त्या मूल निवडून घेत नाहीत. दुसरीकडून दाखला देऊन वाटेला लावलेले मूलही त्यांच्याच दारात येते. मग निकाल घसरतो आणि खुलासा द्यायची वेळ तिथल्या मुख्याध्यापकांवर येते. मूल ढकलणाऱ्याचा सत्कार आणि मूल घेणाऱ्याकडे खुलासा! मला याचा संताप येतो.

निकाल म्हणजे शिकवण्याची मोजपट्टी, असे मानणाऱ्यांनी २०१९ आठवावे. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद झाले आणि आदल्या वर्षीचा ८९.४१ टक्के निकाल ७७.१० वर आला. गुण परत दिले, २०२० मध्ये निकाल ९५.३०. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नव्हता हे खरे, पण शिक्षक तेच होते आणि वर्गही तेच.

मूल कधी हवे आणि कधी नको, हेही सरकारी कागदच ठरवतात. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शिक्षकांची पदे ठरतात. तेव्हा प्रत्येक नाव मोलाचे. पद वाचवायला मुले शोधत वस्त्यांवर हिंडणारे शिक्षक मी पाहिले आहेत. तीच मुले मार्चमध्ये निकाल बिघडवणारी ठरतात. पटाचे बक्षीस आहे, टक्केवारीचे बक्षीस आहे. आठवीतले मूल दहावीपर्यंत टिकवल्याचे बक्षीस कुठेच नाही.

मूल टिकले की नाही, हे मोजायला नवे सर्वेक्षण नको. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक आहे. इयत्तावार, मुलगे-मुली, सामाजिक प्रवर्ग अशी सगळी संख्या दरवर्षी त्यात भरावी लागते, आणि ते काम रात्री जागून शिक्षकच करतात. त्यांच्या त्या मेहनतीचा उपयोग करा. निकालाच्या दिवशी शाळेच्या टक्केवारीशेजारी आणखी दोन आकडे छापा: दोन वर्षांपूर्वी आठवीचा पट किती होता आणि त्यातली किती मुले दहावीला नियमित म्हणून बसली. गाव बदलून दुसऱ्या शाळेत गेलेले मूल तिथल्या पटावर दिसेलच, त्याचा दोष आधीच्या शाळेला नको. जे कुठेच दिसत नाही, त्याचा जाब शेवटच्या शाळेला विचारा.

मंडळ हे करेपर्यंत पालकांनी वाट पाहू नये. वर्षाची पहिली पालकसभा झाली की उभे राहून विचारावे: आठवीत साठ होती, दहावीला सेहेचाळीस कशी? चौदा गेली कुठे? रजिस्टर पलीकडच्याच खोलीत असते. मुख्याध्यापकांनी ते बघून यावे आणि त्या चौदा घरी कोण कधी जाणार, हे सभा उठायच्या आत ठरवावे. पहिल्या चाचणीपूर्वी मूल वर्गात परतले तर वर्ष भरून काढता येते. दिवाळीनंतर ते फार अवघड होते, कारण तोवर टोळी निघून गेलेली असते.